दादाचा ऑफ सीझन

अमेरिकेच्या इलेक्शनचं माझ्यासमोर नाव काढू नका बाबांनो, चहा कडू होतो.

माझा मोठा भाऊ तिकडे, मी इथे ख्राइस्टचर्चला. बेसबॉलचं वेड त्यानेच लावलं. तिकडची संध्याकाळची मॅच इथे ऐन लंच टाइमला येते. मी साइटवर गाडीत बसून बघायचो आणि आम्ही दोघं फोनवर मिळून आमच्या रडक्या टीमला शिव्या घालायचो.

ऑफ सीझन आला, मॅचेस थांबल्या, की मात्र बोलायला काही उरत नाही. मग राजकारण निघतं. यंदा तर फारच झालं. इथे भर उन्हाळा, अख्खं ख्राइस्टचर्च बीचवर, आणि मी घरात फोनवर भांडतोय. शेवटी दादा म्हणाला, "न्यूझीलंडमध्ये बसून मला अमेरिका शिकवू नकोस."

मी म्हटलं, "तुला तरी कुठे मत देता येतं? अजून ग्रीन कार्डवर तर आहेस."

त्याने फोन ठेवला तो ठेवलाच.

मला वाटलं, सीझन सुरू झाला की मिटेल. दर वर्षी मिटायचंच. पहिल्या मॅचला मीच फोन लावला. वहिनींनी उचलला. मागून दादाचा आरडाओरडा ऐकू येत होता. इतकं बरं वाटलं मला.

म्हटलं, "अंपायरवर ओरडतोय ना? द्या त्याला."

"नाही हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "बातम्या लागल्यात. मॅच तो हल्ली बघत नाही."