एकाच रंगाची दोन विमाने

मी, खाली सही करणारा, वय त्रेपन्न, व्यवसाय वृत्तपत्राचा वार्ताहर, राहणार कालव्याच्या पुलाजवळ, औषधाच्या दुकानावरचा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगतो ते असे. शिक्षण संस्कृत घेऊन एम.ए. हे कोणाला हवे होते असे नाही, पण हवालदारसाहेबांच्या कागदावर त्यासाठी रकाना होता.

जखमी बाईंशी माझी ओळख नाही. जुन्या वीटभट्टीमागच्या मैदानाला तारेचे कुंपण आहे, त्यापलीकडे भाजीचे वाफे आहेत. त्यांतला एक वाफा या बाई सुट्टीच्या दिवशी करतात आणि एरवी इस्पितळात परिचारिका आहेत, हे मला अपघातानंतर समजले. आता त्या त्याच इस्पितळात दाखल आहेत. त्या अद्याप शुद्धीवर आलेल्या नाहीत, हे इथे चौकीत आल्यावर समजले.

ज्यांची विमाने होती ते दोघेही माझे नातेवाईक आहेत. एक माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी. वय एकाहत्तर, पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवत. दुसरा त्यांचा मुलगा, माझा भाचा, शहर बससेवेत चालक. दोघे रविवारी सकाळी त्या मैदानावर रिमोटवर चालणारी विमाने उडवतात. मी थर्मास सांभाळायला जातो. हवालदारसाहेबांनी आधी ‘खेळणी’ असे लिहिले होते, ते मी बदलायला लावले. माणसाने दोन्ही हात फैलावले तर होईल एवढा पंखांचा पसारा, नाकावर गरगरणारा लाकडी पंखा, वेग स्कूटरपेक्षा जास्त. खेळण्याने कोणाची कवटी तडकत नाही.

विमानांच्या रंगांबद्दल विचारले म्हणून सांगतो. गेल्या वर्षी भाऊजींच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. फरक पडला असे ते म्हणतात. बहिणीला तसे वाटत नाही. त्यानंतर त्यांचे फिकट निळे विमान आकाशात दिसेनासे होऊन दोनदा झाडात गेले, तेव्हा त्यांनी रंगांचा प्रश्न हाती घेतला. मला म्हणाले, “पंडित, तू त्या टोकाला फळ्या धरून उभा राहा.” ते मला पंडित म्हणतात, त्यात आदर शोधू नये. मी एकेक रंगाची फळी डोक्यावर धरून सबंध सकाळ उभा राहिलो. तांबडी फळी लांबून काळी दिसते. हिरवी झाडीत जाते. पिवळ्याला संस्कृतात पीत, गौर, पिशंग, हारिद्र असे पुष्कळ शब्द आहेत. उन्हाने पांढरट झालेल्या आकाशासमोर त्यांतला एकही दिसत नाही. शेवटी भाऊजी म्हणाले, “लांबवर रंग उरतच नाही रे. उजेड नि अंधार तेवढा उरतो.” पाट्या रंगवण्यात जन्म गेलेल्या माणसाने हे म्हणावे, याची मी तेव्हा थट्टा केली.

त्यावरून त्यांनी रंगसंगती ठरवली. वरून झगझगीत नारिंगी, पोटाला काळे-पांढरे रुंद पट्टे, म्हणजे पाठ दिसते आहे की पोट ते कळावे. डाव्या पंखाचे टोक काळे, म्हणजे विमान येते आहे की जाते आहे ते कळावे. हे रंग म्हणजे पातळ फिल्म असते, ती इस्त्रीने चिकटवतात. बहिणीच्या इस्त्रीला तेव्हापासून नारिंगी डाग आहे आणि माझे सदरे मी तिच्याकडे देत नाही.

भाच्याचे विमान चंदेरी होते. त्याला ते आवडत असे. भाऊजी त्याच्या मागे लागले. “तुझं साखरेसारखं विरघळतं वर. उद्या घालशील कोणाच्या तरी डोक्यात.” हे शब्द त्यांचेच आहेत. महिनाभर ऐकून घेऊन भाच्याने चंदेरी फिल्म सोलून काढली आणि वडिलांसारखेच नारिंगी केले, पट्ट्यांसकट. मी विचारले, “भाऊजी, आता जुळी झाली. ओळखायची कशी?” ते म्हणाले, “ज्याच्या हातात रिमोट त्याला आपलं कळतं.” बहीण म्हणाली, “मला तर तुम्ही बापलेकच लांबून सारखे दिसता.” आम्ही सगळे हसलो. भाचाही हसला.

घटनेच्या दिवशी सकाळी दोन्ही विमाने एकामागून एक वर गेली. मी दोघांच्या मागे, थर्मासपाशी उभा होतो. पलीकडच्या झाडांवर विमाने एकमेकांना छेदून गेली. त्या क्षणी कोणते कोणाचे हे मलाही सांगता आले नसते. नंतर एक मैदानाकडे वळले. दुसरे तसेच, एका अंगावर कलत, वाफ्यांच्या बाजूला निघाले. विमान उतरवताना ओरडून सांगायची त्यांची पद्धत आहे. भाचा म्हणाला, “उतरतोय.” भाऊजी म्हणाले, “तू थांब, मी आधी आलोय.” येत मात्र एकच होते.

मी म्हणालो, “भाऊजी, दुसरं खाली चाललंय.”

“त्याला सांग. माझं लक्ष घालवू नकोस.”

मी भाच्याला सांगितले. त्याने एकदा वर पाहिले. मग वडिलांच्या हातांकडे पाहिले. म्हणाला, “बाबा.” भाऊजी म्हणाले, “आता नाही.”

विमान धावपट्टीवर टेकले. तेवढ्यात कुंपणापलीकडून भरलेली टोपली आपटावी तसा आवाज आला. भाऊजी मला म्हणाले, “बघितलंस? एक उसळी नाही.” त्यांनी इंजिन बंद करायला कळ पूर्ण मागे ओढली, रिमोट गवतावर ठेवला आणि भाच्याकडे वळले. “सांगितलं होतं ना, नजर काढायची नाही? आता जा, गोळा कर.” भाचा म्हणाला, “हो बाबा. चुकलं.”

यानंतरचे मी स्वतः पाहिले. भाऊजींचा रिमोट गवतावर होता, त्याला कोणाचा हात नव्हता. उतरलेल्या विमानाचा पंखा फिरतच होता. ते विमान वळले, चालत आमच्याकडे आले, आणि भाच्याने आपल्या रिमोटवरचा अंगठा खाली ओढला तेव्हा पंखा थांबला. भाऊजींची त्याकडे पाठ होती. सबब, उतरले ते विमान भाच्याचे होते आणि वाफ्यांत गेले ते भाऊजींचे. झाडांपासून पुढे भाऊजी मुलाचे विमान आपले समजून पाहत होते. त्यांच्या हातांचे ऐकणारे विमान त्यांना दिसतच नव्हते.

मग पलीकडून कोणीतरी किंचाळले. कुंपणावरून उडी मारून प्रथम पोचला तो भाचा. बाईंच्या डोक्याला त्यानेच आपला सदरा बांधला. सामान आवरताना त्याने दोन रिमोटांची अदलाबदल करून पडलेल्या विमानाचा आपल्याकडे ठेवला, हेही मी पाहिले.

वाफ्यांत पडलेले विमान आपले होते असा जबाब भाच्याने दिला आहे. ते मुलाचेच होते असा भाऊजींनीही दिला आहे. भाऊजींचा जबाब खोटा नाही. त्यांना दिसले ते त्यांनी सांगितले. काल इस्पितळाच्या जिन्यात भाचा मला म्हणाला, “मामा, तुम्ही चहा ओतत होतात.” मी म्हणालो, “मी बघत होतो.” तो म्हणाला, “मग थोडं कमी बघितलं असं सांगा.” मी म्हणालो, “गुन्हा तुझ्या नावावर आला तर बसचा परवाना जाईल.” तो म्हणाला, “दुसरी नोकरी बघेन. बाबा दुसरं काय बघतील?” बहिणीने एवढेच विचारले, “तू काय सांगणार आहेस?” आजवर इतरांच्या घरांबद्दल खरे लिहून मी पोट भरले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

बहीण, भाऊजी व भाचा बाहेर बाकावर बसले आहेत. पोराला चौकशीला एकटे सोडायचे नाही म्हणून भाऊजी आले आहेत.

येथवरचा जबाब वाचून दाखवण्याआधी दार लावून घ्यावे अशी मी विनंती केली. ते लागत नाही, असे हवालदारसाहेब म्हणाले. हळू वाचावे अशी विनंती केली, ती त्यांनी मान्य केली. वाचन संपले तेव्हा भाऊजी दारात उभे होते. कधीपासून ते मी पाहिले नाही. ते म्हणाले, “ते पंखा फिरत होता म्हणून लिहिलंय, तेवढं परत वाचा.” हवालदारसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी हरकत घेतली नाही. भाऊजींनी उभ्यानेच ऐकले.

जबाब एकदा पूर्ण आणि तो परिच्छेद दोनदा वाचण्यात आला. दोन्ही वेळा तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर होता. म्हणून सही केली.