शिक्का काही बसेना

...आणि वर कचेरीतल्या बाई मलाच विचारतात, "तुम्ही हे केलंच का?" अहो, का म्हणजे काय! सात महिन्यांचं लेकरू घरात असताना कागद उघडा ठेवतं का कुणी? तुम्हाला सांगते, आमची चिमी हाती लागेल ते तोंडात घालते. परवा बापाची चप्पल निम्मी चघळली, तिला सरकारचा कागद काय जड आहे? म्हणून मी चिमीचा नोंदणीचा कागद लॅमिनेट करून आणला. चांगला जाड प्लॅस्टिकचा! पाणी सांडा, लाळ गळू द्या, शंभर वर्षं हलायचा नाही. माझा सातवीचा दाखला तसाच, लग्नाचा दाखला तसाच. आपल्यात जपायचा कागद असाच जपतात. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

त्याचं असं आहे, या देशात बाहेरून आलेल्या प्रत्येकाला नोंदणीचा कागद लागतो, मग तो रांगत का असेना. दर तीन महिन्यांनी कचेरीत जायचं आणि शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नाही तर लस नाही. चिमीची लस उद्या सकाळी, शिक्क्याची शेवटची तारीख आज! लस चुकली, पोर आजारी पडली, तर कुणाच्या तोंडाकडे बघू? आणि कागदाच्या मागे होते बारा रिकामे चौकोन. मला वाटलं, शिक्का ते आपल्या वहीत मारत असतील, हे चौकोन म्हणजे नक्षी! पहिलीच वेळ आमची. पाठीवर नक्षी असू नये का कागदाच्या?

तर गेलो. मी, कडेवर चिमी, आमचे हे, आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांना इथली भाषा येते म्हणून. खिडकीपलीकडच्या बाईंना मी मनातल्या मनात शिक्केबाई म्हणते. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, नखाने टिचकी मारली. मग शिक्का उचलला, त्यावर "हाऽऽ" करून वाफ सोडली आणि... थाप!

शिक्का काही बसेना! शाई आपली प्लॅस्टिकवरून घरंगळतेय, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखी. बाईंनी फुंकर मारली. पुन्हा थाप! पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थाप मारली तोवर चिमीने पंजा टेकवला, आणि शिक्का उमटला तो पोरीच्या तळव्यावर! तोच तळवा तिने बापाच्या पांढऱ्या शर्टाला पुसला. म्हणजे बघा, माझा नवरा आणखी तीन महिने वैध झाला आणि पोरगी राहिली तशीच!

मग शिक्केबाई बोलायला लागल्या. हात वर, हात खाली, चष्मा काढला, घातला... चांगली तीन मिनिटं. मी विचारलं, "वहिनी, काय म्हणतात हो?"

"नाही म्हणतात."

"अहो, एवढं बोलल्या की त्या!"

"बाकीचं सगळं, 'नाही' का म्हणतात, ते होतं."

आमच्या ह्यांना तर कुठे गप्प बसायचं तेच कळत नाही. पॅकिंगच्या कामावर आहेत, दिवसभर खोकी फोडतात. म्हणाले, "त्यात काय! सोलून देतो." मी नको-नको म्हणेपर्यंत नख घातलंसुद्धा. प्लॅस्टिक निघालं हो, पण चिमीचा फोटो घेऊन निघालं! डोळे कागदावर, तोंड प्लॅस्टिकवर. त्या फोटोसाठी मी चार दिवस घातले होते. डोळे उघडे पाहिजेत, तोंड मिटलेलं पाहिजे, हा नियम. आमच्या चिमीचं तोंड मिटतं तेव्हा डोळेही मिटतात! यात तरी माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

शिक्केबाई म्हणाल्या, नवा कागद सहा आठवड्यांनी. सहा आठवडे! मला रडूच फुटलं, माझं बघून चिमीने भोकाड पसरलं. सगळी रांग आमच्याकडे बघायला लागली. शेवटी बाईंनी खणातून एक गुलाबी फॉर्म काढला. कागद कुणी नासवला ते इथे लिहून द्या, खाली सही करा, कागद आजच मिळेल.

हे माझ्या कानाशी आले. "अगं, चिमीचं नाव घाल. तिला काय कोर्टात उभं करणार आहेत?"

वहिनी म्हणतात, "घालाच. अंगठ्याला शाई लागलेलीच आहे."

क्षणभर मलाही वाटलं हो, खोटं कशाला बोलू! पण मग डोळ्यांपुढे आलं... उद्या पोर शाळेत जाईल, नोकरीला लागेल, कुणीतरी फाईल उघडेल आणि वाचेल, 'वय महिने सात, सरकारी कागद नासवला.' नाही हो! लेकराच्या कपाळी पहिलाच डाग आईने लावायचा? पेन घेतलं. वहिनींनी एकेक अक्षर काढून दाखवलं, मी जीभ दातात धरून गिरवलं. 'हा कागद मीच नासवला.' खाली पूर्ण नाव. सही.

फोटो त्यांच्या संगणकात होताच. शिक्केबाईंनी चिमीच्या नव्या कागदावर शिक्का मारला, झकास बसला. उद्या लस! मग तोच शिक्का माझ्या कबुलीवरही मारला आणि ती फाईलला लावली. मी म्हटलं, आलोच आहोत तर वहिनी, माझ्या स्वतःच्या नोंदणीचं विचारा, अर्ज देऊन सहा महिने झाले, नुसती पोच हातात आहे. बाईंनी संगणकात पाहिलं. म्हणाल्या, आजपर्यंत तुमच्या नावावर काहीच चढलेलं नव्हतं.

"आणि आता?"

वहिनी म्हणाल्या, "आता आहे म्हणतात. कागद नासवणारी."

चला... नोंद तर झाली!