तांबड्या दोऱ्याची पुडी

...आणि तपकीरसुद्धा सोडायची म्हणे! चहा सोडला, मी काही बोललो नाही. रविवारचे पत्ते सोडले, बोललो नाही. ऐन पौषात, नगरच्या त्या थंडीत कढत पाण्याची आंघोळ सोडली, दात वाजत होते म्हणून बोलता आलं नाही. पण तपकीर? अहो, बारा वर्षं मी कचेरीत जुन्या दप्तरांच्या धुळीत बसतोय, ते त्या चिमटीच्या जोरावर! आणि सोडायची कशासाठी, तर मूल व्हावं म्हणून! आता तुम्हीच सांगा, नाकाचा आणि मुलाचा संबंध काय? तुम्हाला सांगतो, मी संशयी माणूस नाही, अजिबात नाही. पण आमच्या कुटुंबाला, म्हणजे इंदूला, तपकिरीचे रुमाल धुवायचा पहिल्यापासून कंटाळा, आणि वैद्यांनी नेमकी तपकीरच बंद करावी? हे आपलं सहज होतं का?

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल शामकांत उगाच कुरकुरतोय. लग्नाला सात वर्षं झाली आणि घरात पाळणा नाही. या सात वर्षांत इंदूने काय प्यायलं नाही? काढे प्याली, चाटणं चाटली, सोळा सोमवार केले, पिंपळाला प्रदक्षिणा घातल्या, शिर्डीला जाऊन उदी आणली. आळीत कुणाकडे बोरन्हाण असलं की हिला बोलावणं नाही. त्या दिवशी ती घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायची. मला दिसायचं हो. दिसायचं, आणि मी टोपी घालून कचेरीत निघून जायचो... खोटं कशाला बोलू?

बरं, आमच्या घरात लपून काही राहतंय का? महिन्याचे ते चार दिवस इंदू मागच्या खोलीत बाजूला बसली, की स्वयंपाक आईकडे. आणि आई स्वयंपाकाला लागली की भांडी अशी आपटायची, की आळीला कळावं, ‘याही महिन्यात नाही’. शेवटी मार्गशीर्षात आईने एक पत्रिका काढली. राजूरच्या लांबच्या नात्यातली मुलगी, सुमेधा. पत्रिका ठेवली देवघरात गणपतीच्या पाठीमागे आणि म्हणाली, अक्षय्यतृतीयेपर्यंत मी वाट बघीन, मग तुला पुन्हा बोहल्यावर उभा करीन. इंदू तिथेच वाती वळत होती. तिने मान वर केली नाही, पण वातीचा कापूस मात्र सगळा कुस्करून टाकला.

मला दुसरं लग्न नको होतं. मला इंदू हवी होती. पण हे आईसमोर बोलायची छाती कुणाला होती? जी होती ती मी गुंडाळून वैद्यांकडे नेली.

माळीवाड्यात राधाकृष्णशास्त्री वैद्य आहेत. मी त्यांना हिची सगळी कहाणी सांगितली, आणि या गृहस्थांनी नाडी कुणाची धरावी? माझी! मी म्हटलं, शास्त्रीबुवा, मंडळी ही बसलीय. तर डोळे मिटून नाकात बोलल्यासारखे म्हणतात, ‘ऋतू, क्षेत्र, पाणी आणि बीज, चारही लागतात शामराव. सात वर्षं तुम्ही क्षेत्रालाच औषध पाजताय. बीज कुणी पाहिलं?’ मी इंदूकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती. मी संशयी माणूस नाही, पण त्या छतात बघण्यासारखं काही नव्हतं, मी नंतर जाऊन पाहिलं!

मग यादी सुरू झाली. निदान तीन महिने मशागत हवी म्हणे. तपकीर नको, चहा नको, जागरण नको, कढत पाणी नको, रोज पहाटे तीन मैल चाला, दूध-तूप घ्या, राग आवरा. आणि शेवटी काय, तर ‘मनात कसलाही संशय ठेवू नका.’ आता बघा हं, ज्या गोष्टीत संशय घेण्यासारखं काही नसतं, तिथे माणूस असं सांगेल का? वर दोन पुड्या दिल्या. तांबड्या दोऱ्याची माझी, पांढऱ्या दोऱ्याची हिची, आणि रोज संध्याकाळी दुधातून.

झालं! संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे काठी घेऊन केडगावच्या रस्त्याला. तिथे गहिनीनाथ गवळ्याचा गोठा आहे, म्हटलं येताना दूध तरी घेऊन यावं. तर हा बाबा धार काढता काढता पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून हसतो. आता मी याला काही सांगितलं होतं? नव्हतं! आळीतल्या कुणीतरी बातमी माझ्याआधी केडगावला पोचवली होती, आणि तीही बहुतेक चालतच! म्हणतो कसा, ‘रावसाहेब, आमी जुंधळ्याचं बी आदी फडक्यात भिजवून बगतो, मोड आलं तरच वावरात टाकतो. आन् तुमी सात वरसं वावरालाच बोल लावताय व्हय?’ परत येताना मला ते तीन मैल तीस मैलांसारखे लागले. रागाने नाही. राग आवरायचा होता ना... खरं सांगू, त्याचं म्हणणं चुकीचं वाटेना, म्हणून.

आता औषधाचं ऐका. पुड्या आईने स्वतःच्या ताब्यात घेतल्या. म्हणाली, औषध सोवळ्यात कालवायचं, देवाला दाखवायचं आणि मगच घ्यायचं. हिचे ते बाजूला बसायचे चार दिवस औषध बंद, एरवी रोज संध्याकाळी देवघरात दोन फुलपात्रं, अगदी सारखी, लग्नात आलेली. उजवीकडचं माझं, डावीकडचं हिचं. आई नैवेद्य दाखवायची आणि आमच्याकडे पाठ करून माळ ओढायला बसायची. मी हातपाय धुऊन येईपर्यंत इंदू पाटावर बसलेली असायची, हात जोडून, पुतळ्यासारखी. मग आम्ही दोघांनी एकदम प्यायचं. आणि काय सांगू ती चव! कडू म्हणजे कडू! वर तुरट! घोटागणिक कान हलायचे! आणि शेजारी इंदू मिटक्या मारत पितेय! सुंठीचा, गुळाचा वास मला इथपर्यंत येतोय! मी संशयी माणूस नाही, पण एकाच वैद्याच्या दोन पुड्या, आणि एक खिरीसारखी, एक कडुनिंबासारखी? मी मनात म्हटलं, शामकांता, या बाईने वैद्याला फितवलंय. तपकीर सोडवली, पत्ते सोडवले, आणि आता सात वर्षांचा सूड घोट घोट पाजतेय!

माघ गेला. ती बाजूला बसली, आईने भांडी आपटली. फाल्गुनातही बसली. या वेळी आईने भांडीसुद्धा आपटली नाहीत, नुसतं राजूरला पत्र टाकलं. त्या रात्री मी तपकिरीची डबी हातात घेतली होती. उघडली नाही. शपथेवर सांगतो, उघडली नाही, कारण मागच्या खोलीतून इंदूचं नाक ओढल्याचं ऐकू येत होतं, आणि तिने काही तपकीर ओढली नव्हती.

मग गुढीपाडवा झाला. रामनवमी झाली. इंदू आपली रोज चुलीपुढे! मी कचेरीत कॅलेंडरावर पेन्सिलीने टिंबं काढायचो आणि साहेब आले की पुसायचो. आई भाजी निवडताना सुनेकडे चोरून बघायची, सून माझ्याकडे बघायची, मी कॅलेंडराकडे. शेवटी अक्षय्यतृतीयेच्या चार दिवस आधी शास्त्रीबुवा घरी आले. या खेपेला नाडी इंदूची धरली आणि म्हणाले, ‘पेढे मागवा.’ आईने गणपतीमागची ती पत्रिका काढली, तिला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाली, राजूरला परत पाठव, पोरीला चांगलं स्थळ मिळो. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. डोळे भरून आले होते, म्हटलं लोकांना वाटेल तपकीर सुरू झाली.

इथवर सगळं गोड होतं हो! पण संध्याकाळी आईने मला देवघरात बोलावलं, आणि कानाशी लागून, विजयाने, म्हणते कशी, ‘त्या वैद्याला काय कळतंय? माझ्या लेकात काय कमी आहे? मी रोज दोन्ही पुड्या तिच्याच फुलपात्रात घातल्या. तुझ्या दुधात नुसती सुंठ आणि गूळ.’

सुंठ आणि गूळ?

अहो, मी संशयी माणूस नाही, पण मग तीन महिने माझे कान कशाने हलत होते?

तडक माजघरात गेलो. इंदू दिव्याची काच पुसत होती. मी विचारलं. तिने काच खाली ठेवली, दाराकडे एकदा बघितलं आणि शांतपणे म्हणाली, ‘पहिल्याच दिवशी मी सासूबाईंना कालवताना पाहिलं. त्या माळेला बसल्या की मी फुलपात्रं बदलायची.’ म्हटलं, अगं पण का? तर म्हणाली, ‘सात वर्षं एकटी मीच प्यायले. म्हटलं, तीन महिने तुम्ही प्या.’

मी दिव्याची काच उचलली आणि उरलेली आपणच पुसली.

आता आई आळीभर पेढे वाटत सांगतेय, आमच्या शामला औषध लागलंच नाही! आणि मी मान डोलावतोय. पण तिच्यापाशी चुकून बोलू नका हं! कारण माझी चिंता वेगळीच आहे. हिशेब करा तुम्ही. तांबड्या दोऱ्याची पुडी माझी, ती मी घेतली, ठीक. पण पांढऱ्या दोऱ्याचीसुद्धा मीच घेतली ना, तीन महिने, एक घोट न सांडता! मी संशयी माणूस नाही हो, अजिबात नाही... पण दिवस गेलेत इंदूला, आणि कालपासून चिंच मात्र मला खावीशी वाटतेय.