पाणवठ्याकडे तोंड केलेला कॅमेरा

...आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, "काका, वायफाय आहे ना तिथे?" अहो, वायफाय? रानात? जिथे फोनला एक दांडी रेंज मिळावी म्हणून ठरावीक दगडावर चढून, धरणाकडे तोंड करून, हात वर धरून उभं राहावं लागतं, तिथे वायफाय? म्हटलं, नाही. "मग लाइट तरी असेल?" म्हटलं, आहे की, सकाळी सूर्य उगवतो तो संध्याकाळपर्यंत असतो! तो हसला नाही. म्हणाला, "काका, मग तुमचं काम नाही होणार." झालं! बत्तीस वर्षं मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली, घाटात भर धुक्यात कुठल्या खांबापाशी वायर तुटलीय ते नुसतं वासावरून सांगायचा हा सोपान, आणि त्याला लोणावळ्याच्या बाजारात एक कॅमेरा मिळेना. आता तुम्हीच सांगा, माणसानं करायचं काय?

तुम्ही म्हणाल, रानात कॅमेरा हवा कशाला? तेच सांगतो. दुधिवरे खिंड ओलांडली की पवनानगरच्या अंगाला आमचं तीन एकर रान आहे. शेत नाही हां, रान. ऐन, हिरडा, जांभळं, करवंदाच्या जाळ्या, आणि मधोमध मे महिन्यातही न आटणारा एक पाणवठा. वडिलांनी राखलेलं. जाताना म्हणाले होते, सोपान, ह्यातली एक फांदी तोडू नकोस. मी तोडली नाही. आजूबाजूला बंगले उठले, स्विमिंग पूल आले, एजंट लोक माझ्या दारात चपला काढून बसायला लागले, पण मी हललो नाही. आणि दिवाळीनंतर एक दिवस स्कूटर काढून गेलो, तर दोन जांभळं जागेवर नाहीत! नुसते बुंधे! ताजे, ओले, लालसर... मी त्या बुंध्याला हात लावला हो, तर बोटांना ओल लागली. पुढच्या आठवड्यात गेलो तर एक ऐनही गेलेला. ओळखीच्या वकिलाला विचारलं, तर ते म्हणाले, "कोण तोडतंय त्याचा पुरावा आणा." पुरावा! मी लोणावळ्यात, रान अठरा किलोमीटरवर, गुडघ्यात वंगण संपलेलं. रोज तिथे जाऊन झाडामागे लपून बसू?

तर आमची अपेक्षा, मुलगी, पुण्यात असते, ती फोनवर म्हणाली, "बाबा, त्याला ट्रेल कॅमेरा म्हणतात. झाडाला बांधायचा. समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो." वा! म्हटलं, पाठव. तर म्हणे, "तुम्हीच निवडा, मी लिंक पाठवते." अहो, चौतीस लिंका! कुणाचे मेगापिक्सल जास्त, तर कुणाचा अंधारात लाल दिवा लागतो, कुणाचा लागत नाही, न लागणारा महाग. म्हणजे दिवा नसण्याचे जास्त पैसे! एक तर सिम कार्डवाला, फोटो थेट मोबाइलवर पाठवतो, पण त्याला रेंज लागते. रेंजचा दगड तर मी मघाशीच सांगितला, कॅमेऱ्याला काय त्या दगडावर उभा करू? आणि ते खाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय! एकानं पाच तारे दिलेत, का, तर 'खोका छान आहे.' दुसऱ्यानं एकच तारा दिलाय, 'अस्वल आलं आणि कॅमेरा चावून गेलं.' आपल्याकडे अस्वल नाही, म्हणून मी तो जवळजवळ घेतलाच होता! एवढ्यात स्वयंपाकघरातून आमची ज्योत्स्ना, "मिक्सरचं भांडं सहा महिने गळतंय, त्याला मुहूर्त नाही, आणि झाडाला कॅमेरा!" आता तुम्हीच सांगा, माणसानं करायचं काय?

अशा वेळी कोण यावं? मेव्हणा! ज्योत्स्नाचा धाकटा भाऊ, संदेश. पवनेच्या काठावर त्याचे तंबू आहेत, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं येतात, शेकोटी, गाणी, भाजलेली कणसं. तो आला, पाय पसरून बसला, दोन कप चहा प्यायला आणि म्हणाला, "दाजी, मी आहे ना! आमच्या कॅम्पवर चार कॅमेरे लावलेत मी. कशाला महागातला घेता? हा घ्या, सगळ्यात साधा. चोराचा फोटो काढायचाय, लग्नाचा नाही." मला पटलं. इतकं पटलं म्हणून सांगू! घेतला. खोका उघडला, तर त्याला आठ सेल लागतात. आठ! घरातले सगळे रिमोट रिकामे केले, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तरी एक कमी. तो शेवटी ज्योत्स्नाच्या वजनकाट्यातून काढला, तेव्हा कुठे कॅमेऱ्यानं डोळा उघडला.

आणि संदेशनं स्वतःच्या पिवळ्या टेम्पोतून मला रानात नेलं, स्वतः उरलेल्या एका ऐनाला कॅमेऱ्याचा पट्टा आवळला. मी म्हटलं, अरे, तोंड खालच्या गाडीरस्त्याकडे कर, लाकूड न्यायचं तर गाडी तिथेच लागणार. तर हा काय म्हणतो? "दाजी, गाडीरस्त्यानं कोण येतंय? पाणवठ्याकडे करू. पाण्यावर सगळे येतात. चोरालासुद्धा तहान लागणारच की!" आता ह्यात चूक काढता येते का सांगा. मी म्हटलं, बरोबर आहे. बत्तीस वर्षं सिग्नल सांभाळले मी... म्हटलं, बरोबर आहे!

आता मनातलं एक खरं सांगतो, रागावू नका. माझा संशय होता गेणूवर. गेणू म्हणजे खालच्या वाडीतला, माझ्याच वर्गातला. मला पोहायला त्यानं शिकवलं, म्हणजे ढकललं आणि मग बाहेर काढलं. पण त्याच्या म्हशी रोज माझ्या पाणवठ्यावर येतात, कमरेला कोयता, आणि मागे एकदा बांधावरून आमचं वाजलं होतं. झाला संशय पक्का. संशयाला काय लागतं हो? तर वाडीत एका हळदीला गेलो, तिथे सगळे बसलेले असताना मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "बाहेरच्याचं काय घेऊन बसलात, आपलीच माणसं कुऱ्हाड घालतात!" गेणू ताटातला भात नुसता चिवडत राहिला. मग उठला आणि गेला. मला वाटलं, बघा, लागलं बरोबर!

पंधरा दिवसांनी कार्ड काढून आणलं. तीन हजार सहाशे फोटो! मी आणि ज्योत्स्ना चष्मे लावून बसलो. तुम्हाला सांगतो, त्यातले तीन हजार चारशे एका करवंदाच्या फांदीचे. फांदी हलली, फोटो. परत हलली, परत फोटो. मग दीडशे वानरं, त्यातही एका वानरानं पाठ करून बसायचं ठरवलं असावं, ती बाजू मी आता कुठेही ओळखीन. आणि मग गेणू. रोज. संध्याकाळी पावणेसहाला, म्हशी पुढे, गेणू मागे. मी खुर्चीत पुढे सरकलो. म्हटलं, आता कुऱ्हाड निघेल! तर गेणू काय करतोय? म्हशी पाणी पितायत, आणि हा पडलेलं काटेरी कुंपण उचलून पुन्हा नीट लावतोय. माझं कुंपण! दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कुणीतरी टाकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करतोय. ज्योत्स्ना चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघायला लागली. मी चष्मा पुसायला घेतला.

आणि पुढचा फोटो आला... तो बघून ज्योत्स्नानं माझं मनगट धरलं. गेणू फोटोतून बाहेर गेल्याला बारा मिनिटं झालेली, आणि जिथे तो उभा होता, बरोबर त्या दगडावर, बिबट्या. पूर्ण वाढलेला. मान खाली घालून पाणी पितोय. बारा मिनिटं! म्हणजे म्हशी जरा रेंगाळल्या असत्या तर...

आता बघा माझी अवस्था. गेणूला सांगायला तर हवं. पण सांगायचं कसं? तुझ्यावर पाळत ठेवायला कॅमेरा लावला होता, त्यात तू चोर नाही निघालास, पण तुझ्या मागे बिबट्या निघाला, असं? फोन केला, उचलेना. का उचलेल? घड्याळात बघितलं, तर भिंतीवरचं बंद! ज्योत्स्ना ओरडली, "पाच वाजायला आले, तो निघेल म्हशी घेऊन!" फोटो मोबाइलवर घेतला, स्कूटर काढली, खिंडीत दोनदा हॉर्न वाजवायचा सोडून लाइट लावला, वाडीत पोचलो. दारात चिमाबाई, गेणूची बायको, तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "ते गेलं की म्हशी घिऊन मगाशीच." मी फोटो दाखवावा की नको... तसाच पळालो. अहो, पळालो! ह्या गुडघ्यांनी! करवंदाच्या जाळ्यांतून शर्ट फाडत, "गेणू! ए गेणू!" करत. आणि मनात एकच, की हळदीतलं ते वाक्य माझं त्याच्याशी शेवटचं वाक्य असू नये.

गेणू पाणवठ्यावर दगडावर बसून तंबाखू मळत होता. मला बघून म्हणाला, "काय रं सोपान, वाघ लागलाय का मागं?"

मी नुसता मोबाइल पुढे केला. बोलायला दम कुठे होता? त्यानं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "हां, हीच ती. मादी हाय. दोन वरसं झाली. म्हशी कळपानं आसल्या की न्हाई येत जवळ. तुला ठावं न्हवतं व्हय?"

मला नव्हतं ठाऊक! माझं रान, माझा पाणवठा, अख्ख्या वाडीला माहीत, फक्त मला नाही! मग मी चाचरत म्हटलं, गेणू, हा फोटो... कॅमेऱ्यात... तर म्हणतो, "त्यो ऐनावरचा डबा? पयल्याच दिशी दिसला की. त्याच्याम्होरनं जाताना पटका नीट करीत व्हतो म्या."

मी खाली बसलो. म्हटलं, गेणू, मग झाडं कोण नेतंय? तो उठला. म्हशीच्या पाठीवरचा चिखल काढत राहिला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. घरातली गोष्ट." म्हटलं, कुणाच्या घरातली? "तुज्या. पिवळा टेंपो कुनाचा हाय? पवनेवर शेकोट्यास्नी लाकडं कुटनं जात्यात? तू सोता त्याच टेंपोत बसून आलतास. मला वाटलं, रान ह्येचं, मेव्हना ह्येचा, कुराड बी ह्येचीच आसंल."

माझ्या डोळ्यांपुढे तो पट्टा आवळणारा हात आला. पाणवठ्याकडे करू, दाजी... चोरालासुद्धा तहान लागते, दाजी! आता तुम्हीच सांगा, माणसानं करायचं काय?

मी म्हटलं, गेणू, हळदीत मी जे बोललो... त्यानं हात वर केला. म्हणाला, "समद्या वाडीला वाटलं, मेव्हन्याला बोलतोय. मला एकट्यालाच कळलं, कुनाला ते." बस. एवढंच बोलला. मी त्याचा हात धरला. माझं रडू आवरेना. तो घाबरला, म्हणाला, "आरं, आरं, म्हशी बुजत्याल!"

दुसऱ्या दिवशी संदेशला घरी बोलावला. आधी म्हणाला, मी नाही. मग म्हणाला, "दाजी, वाळकी लाकडं होती हो!" वाळकी? ओली जांभळं? तर म्हणे, "तोडल्यावर वाळलीच ना!" मी काही बोलायच्या आत ज्योत्स्ना उठली, आणि सख्ख्या भावाला जी काय धुतली! मामंजींनी राखलेली झाडं, ज्यांची जांभळं खाऊन तुझी जीभ निळी व्हायची, ती तू शेकोटीत घातलीस? येत्या पावसात एकेका झाडामागं दहा झाडं लावशील, तेव्हाच माझ्याकडून राखी! तो मान खाली घालून ऐकत होता, पण मला चेहऱ्यावरून कळत होतं, ह्या कानानं ऐकतोय आणि त्या कानानं सोडतोय. तेवढ्यात ज्योत्स्नानं त्याच्यापुढे तो फोटो धरला. संदेशचा चेहरा असा पांढरा पडला! "ही... ही तिथं असते? दाजी, मी पहाटे एकटा असायचो तिथं!" दोन तांबे पाणी प्यायला. कुऱ्हाड वाडीत कुणालातरी देऊन टाकली म्हणे. वकील नाही, पुरावा नाही, दाजी नाही, बहीण नाही, जे कुणाला जमलं नाही ते त्या बाईनं नुसतं पाणी पिऊन केलं! जाताना मात्र दारातून वळून म्हणतो, "दाजी, तेवढा फोटो फॉरवर्ड कराल? कॅम्पच्या जाहिरातीला..." म्हटलं, नीघ! उद्या शंभर गाड्या येतील तिला बघायला. तिनं कुठे जायचं मग?

तर झाडं वाचली. मला वाटलं, संपलं एकदाचं. बूट घातले, म्हटलं, जरा रानात जाऊन येतो, बुंध्यांना धुमारे फुटलेत म्हणे. तर दारात ज्योत्स्ना आडवी! "बिबट्या असलेल्या रानात? ह्या गुडघ्यांनी? मी असेपर्यंत नाही!" पुण्याहून अपेक्षा फोनवर, "बाबा, अजिबात नाही!" वनखात्यातला एक ओळखीचा मुलगा आहे, तो अदबीनं म्हणाला, "काका, शक्यतो टाळा, तिला त्रास होतो." तिला! गेणूला सांगितलं, बाबा, तू तरी माझी बाजू घे, तर तो म्हणतो, "वैनी बराबर बोलत्यात."

आता गेणू रोज संध्याकाळी त्या रेंजच्या दगडावर चढून मला फोन करतो, आज पाणी एवढं आहे, आज मोर आले होते, आज ती आली नव्हती. मी इथे लोणावळ्यात गॅलरीत बसून हं, हं करतो. माझ्या रानात आता गेणू जातो, त्याच्या म्हशी जातात, वानरं जातात, पाऊस लागला की मेव्हणा झाडं लावायला जाईल, बिबट्याला तर कायमचीच परवानगी आहे. बंदी फक्त एकालाच. सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे, त्याला!