बादली ठेवायची कुठे

मिलवॉकीत घरगुती बिअरच्या सामानाच्या दुकानात मार्लिस रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारं जोडपं होतं. नवऱ्याच्या हातात झाकणाची नवीकोरी बादली.

"पहिलीच बिअर आहे, डेल. तळघरात ठेव."

"तिथं फार गार. आंबायचीच नाही ती."

"मग न्हाणीघरात?"

"तिथं सारखा उजेड. आपल्या खोलीतलं कपाट बरं. अंधार असतो, ऊबही सारखी."

"त्यात माझे कपडे आहेत."

"ते तू नेशीलच ना, कोरिन. तिकडे डुलूथ शहरातल्या तुझ्या घरमालकिणीचा फोन आला होता. तू घेतलेल्या खोलीची किल्ली तयार आहे म्हणाली."

बाई बादलीकडून नवऱ्याकडे वळली.

"कधी आला फोन?"

"गेल्या महिन्यात."

"आणि तू बोलला नाहीस?"

"तू तरी कुठं बोललीस?"

रांग पुढे सरकली.

"शनिवारी रिकामं करते कपाट," ती म्हणाली.