एसी लागला आणि ट्रेलर कलंडला की हो!

अरे, गाडीमागे जोडून न्यायच्या आमच्या कॅम्पिंग ट्रेलरच्या एसीचं सांगितलंच नाही ना तुम्हाला? नागपूरहून आई आली होती. म्हणाली, "कॅम्पिंगला येईन, पण एसी पाहिजे." मग मी आणि जवळच्या ट्रॉय गावात राहणारे देशपांडेकाका लागलो कामाला. काका म्हणजे आयुष्यभर गाड्या डिझाइन केलेला माणूस! आमच्या छोट्याशा ट्रेलरच्या मागच्या खिडकीत आम्ही विंडो एसी बसवला. आई आतच पलंगावर बसून बघत होती.

बटण दाबलं आणि काय गार झोत आला, यार! "आला, आला!" करत मी आणि काका थेट एसीसमोर धावलो. ट्रेलर गाडीला जोडलेला नव्हता. सगळं वजन मागे गेलं, पुढचं टोक वर उचललं गेलं आणि मागचा भाग धाडकन जमिनीवर टेकला! आई घसरत एसीपुढे.

"काका, मागे टेकू द्यायचे जॅक लावले नव्हते?"

"मला वाटलं तू लावलेस!"

मी घाबरून ओरडलो, "आई, लागलं का गं?"

आईने डोळे मिटून घेतले होते. "नाही रे. आता झोत अगदी तोंडावर येतोय. ट्रेलर असाच राहू द्या."