डेल्मरचा कळप

वर्ना : आई, आटप ना! पिठाचे हात राहू देत तसेच, पाच वाजले! आज डेल्मर गाणार आहे!

आई : आले बाई, आले. सहा महिने रेडिओच्या नाटकात करवंट्या आपटून टापांच्या आवाजाचे घोडे पळवतोय माझा लेक, आज कुठे तोंड उघडायला मिळतंय. बाबांना हाक मारलीस?

वर्ना : मारली. म्हणाले, ‘खरी गुरं सोडून डॅलसला खोटे घोडे हाकायला गेला, त्याचं काय ऐकायचं?’

आई : सहा महिने हेच पालुपद. लाव तू.

वर्ना : लागलं! ऐक, विजा कडाडतायत, कळप उधळलाय! हजारभर गुरं, सरळ कड्याकडे!

आई : अगं बाई! आणि नाटकातला तो गाणारा शूरवीर कुठे गेला?

वर्ना : त्याचा घोडा कोसळला! आता एकटा डेल्मर उरलाय!

बाबा : माझी पक्कड कुठे आहे?

आई : तुमच्याच खिशात.

बाबा : हं. …उधळलेल्या कळपापुढे कुणी गात नसतं. आधी पुढची गुरं वळवायची, गोल फिरवायची.

वर्ना : तेच तर करतोय! ऐका, ‘उजवीकडे दाबा!’ आई, हा डेल्मर! त्याचाच आवाज!

बाबा : उजवीकडे म्हणाला?

आई : हो. आता बसा तरी.

बाबा : उभा बरा आहे मी. सरक जरा, ऐकू येत नाही.

वर्ना : कारण आवाजच बारीक होतोय! नाही, नाही! बॅटरी संपली! आई, आत्ता गाणार होता गं!

आई : रडू नकोस, राणी. अहो, तुम्ही कुठे निघालात?

बाबा : गाडीची बॅटरी काढतो.

आई : आणि उद्या गाडी सुरूच झाली नाही तर? चर्चला कसं जायचं?

बाबा : चालत!

(अंगणात धावणारे बूट. गाडीचं झाकण आपटतं. बाबा धापा टाकत परततात.)

बाबा : वर्ना, ही तार तू जोड. मी बॅटरी धरतो.

वर्ना : जोडली! लागला! गातोय, बाबा, गातोय!

आई : अहो… याला शब्द नाहीत. नुसते सूर आहेत. गुरं शांत बसावीत म्हणून रात्रीच्या पहाऱ्यावर तुम्ही गुणगुणायचात, तेच—

बाबा : आयडेला, ऐकू दे.

वर्ना : बाबा, हे तुमचं आहे?

बाबा : डेल्मर तेव्हा माझ्यापुढे खोगिरावर बसायचा. चार वर्षांचा होता. मला वाटायचं, झोपलाय.

आई : डोळे पुसा.

बाबा : धूळ आहे.

वर्ना : संपलं! काय गायला! मी आत्ताच पत्र लिहायला घेते. बाबा, तुमच्याकडून काय लिहू?

बाबा : लिही… गुरं बसली, म्हणावं. सगळी.